अ‍ॅबिलीनने गुरांना नको का म्हटलं? एका रेल्वेगावाची पाच वर्षं (१८६७–१८७२)

फेब्रुवारी १८७२ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅबिलीन गावातून एक पत्रक निघालं. मजकूर मोजक्या ओळींचा, भाषा अदबीची. गाव ज्या जिल्ह्यात येतं त्या डिकिन्सन काउंटीचे शेतकरी, अधिकारी आणि नागरिक टेक्सासच्या गुरांच्या व्यापाऱ्यांना विनवत होते की, येत्या हंगामात तुमचे कळप कृपा करून दुसऱ्या कुठल्या तरी स्टेशनावर न्या. या धंद्याचा जाच इथले लोक यापुढे सोसणार नाहीत.

पाच वर्षांपूर्वी हे गाव म्हणजे डझनभर खोपटं होती. मधल्या काळात तिथे जे काही उभं राहिलं, हॉटेलं, दुकानं, दारूचे गुत्ते, नगरपालिकेची तिजोरी, ते सगळं टेक्सासच्या गुरांच्या पैशावर. मग गावाने स्वतःच्याच पोटावर पाय का दिला? नेहमी मिळणारं उत्तर गोळीबाराचं असतं: काउबॉय आले, धुमाकूळ घातला, सभ्य लोक कंटाळले. ते खोटं नाही, पण त्याने फार थोडं उलगडतं. अ‍ॅबिलीनचा निर्णय कळायचा असेल तर पिस्तुलं थोडा वेळ बाजूला ठेवून कुंपणं, गोचिडी आणि जमिनीचे भाव बघावे लागतात.

गुरं टेक्सासात, गिऱ्हाईक शिकागोत

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात टेक्सास दक्षिणेच्या बाजूने होतं. १८६३ च्या जुलैमध्ये मिसिसिपी नदी पूर्णपणे उत्तरेच्या ताब्यात गेली आणि टेक्सासच्या गुरांची बाहेर जायची वाट बंद झाली. माणसं लढाईवर, गुरं माळावर मोकाट. युद्ध संपलं तेव्हा लांब शिंगांची ही जनावरं लाखोंनी वाढली होती आणि त्यांना भाव नव्हता. (याच युद्धाने मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आणला होता आणि ते संपताच १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला. एका युद्धाची झळ कुठे कुठे पोचते ते बघा.) टेक्सासात एक जनावर ३–४ डॉलरला मिळायचं, उत्तरेत त्याचेच ३०–४० डॉलर यायचे. इतकी तफावत असल्यावर कुणीतरी गुरं हाकत निघणारच.

१८६६ मध्ये निघाले. मिसुरीतल्या सेडेलियाच्या रेल्वेस्टेशनकडे कळप निघाले आणि मिसुरी-कॅन्ससच्या हद्दीवर हत्यारबंद शेतकऱ्यांनी ते अडवले. कळपवाल्यांना मारहाण झाली, गुरं उधळून लावली गेली. यात गुंडगिरी होती, लूट होती, पण मुळाशी एक खरी भीतीही होती. टेक्सासची गुरं ज्या वाटेने जात, त्या वाटेवरची गावातली गुरं काही आठवड्यांत तापाने मरत. टेक्सासची गुरं मात्र धडधाकट. मालक शपथेवर सांगत, आमच्या जनावरांना काहीही झालेलं नाही; आणि ते खरंच होतं.

आपल्याकडे गोचीड तापाने आजारी पडलेली संकरित गाय ज्याने पाहिली असेल त्याला हे कोडं चटकन सुटेल. लहानपणापासून गोचिडी अंगावर वागवलेल्या जनावराला तो आजार सहसा जाणवत नाही. नव्या जनावराला मारतो. टेक्सासची गुरं गोचिडी घेऊन यायची, गोचिडी वाटेवरच्या गवतात पडायच्या, तिथे अंडी घालायच्या, आणि पुढची पिल्लं स्थानिक गाईंना चिकटायची. म्हणून तर आजार कळप निघून गेल्यावर उगवायचा. पण १८६६ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गोचिडीचा गुन्हा सिद्ध केला तो १८९३ मध्ये, म्हणजे आपली ही सगळी गोष्ट संपल्यानंतर वीस वर्षांनी. तोवर शेतकऱ्याकडे फक्त अनुभव होता आणि व्यापाऱ्याकडे फक्त इन्कार.

कॅन्सस विधिमंडळाने फेब्रुवारी १८६७ मध्ये कायदा केला: गरमीच्या महिन्यांत टेक्सासची गुरं राज्यात आणायची तर नैऋत्येच्या ओसाड कोपऱ्यातच आणायची, वस्तीच्या भागात नाही. अ‍ॅबिलीन त्या मुभेच्या बाहेर होतं. म्हणजे गावाचा सगळा धंदा पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर होता. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे अ‍ॅबिलीनचे व्यापारी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हे शब्द फार वापरतात.

जोसेफ मॅकॉय

इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डचा जोसेफ मॅकॉय १८६७ मध्ये तिशीलाही पोचला नव्हता. भावांबरोबर गुरांचा व्यापार करायचा. त्याची कल्पना साधी होती: रेल्वे आता कॅन्ससच्या माळरानात पश्चिमेकडे सरकते आहे, शेतकऱ्यांच्या वस्तीच्याही पलीकडे एक स्टेशन निवडायचं, तिथे वाडे बांधायचे, टेक्सासवाल्यांना म्हणायचं, या, इथे कुणी अडवणार नाही.

कल्पना साधी, पण पाठिंबा मिळेना. सेंट लुईसच्या मिसुरी पॅसिफिक रेल्वेच्या अध्यक्षाने त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. तुझ्याकडे एकही जनावर नाही आणि मालगाडीच्या वाघिणींचे (डब्यांचे) दर काय विचारतोस, असा एकूण सूर. कॅन्सस पॅसिफिक म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या कंपनीने होकार दिला, पण खर्चाला हात लावला नाही. पाठवलेल्या गुरांच्या भाड्यातला वाटा देऊ, एवढंच. मग गाव शोधणं. जंक्शन सिटीत जमिनीला अवाच्या सवा भाव सांगितला गेला. सोलोमन आणि सलायना इथल्या लोकांना टेक्सासची गुरं दारात नकोच होती. उरलं अ‍ॅबिलीन. डझनभर लाकडी खोपटं, बहुतेकांवर मातीची छपरं. तिथला गुत्तेवाला जमिनीत बिळं करणारे प्रेअरी डॉग पाळायचा आणि पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाशांना ते नवलाई म्हणून विकायचा, अशी नोंद मॅकॉयनेच करून ठेवली आहे.

मॅकॉयने अ‍ॅबिलीन निवडलं ते तिथे काय होतं म्हणून, आणि त्याहून जास्त तिथे काय नव्हतं म्हणून. गवत होतं, स्मोकी हिल नदीचं पाणी होतं, लष्कराचा फोर्ट रायली जवळ होता. शेतकरी नव्हते. १८६० च्या जनगणनेत अख्ख्या डिकिन्सन काउंटीत ४०० माणसंही भरली नव्हती. राज्यपाल सॅम्युएल क्रॉफर्ड यांनी योजनेला तोंडभर पाठिंबा दिला आणि अलग ठेवण्याच्या त्यांच्याच राज्याच्या कायद्याकडे काणाडोळा केला.

मॅकॉयचा वेग मात्र मानावा लागतो. पाइनचं लाकूड मिसुरीतल्या हॅनिबलहून आणलं. उन्हाळ्याच्या साधारण दोन महिन्यांत गुरांचे वाडे, वाघिणीत गुरं चढवायचे उतार, मोठा वजनकाटा आणि तीन मजली ‘ड्रोव्हर्स कॉटेज’ हॉटेलची उभारणी सुरू झाली. एक माणूस घोड्यावर दक्षिणेला पाठवला, वाटेत भटकणारे कळप गाठून निरोप द्यायला. कळपवाले बिचकलेच. मिसुरीत मार खाल्लेली माणसं; कुणी आपणहून बोलावतंय म्हटल्यावर यात काहीतरी सापळा आहे असंच त्यांना वाटलं.

५ सप्टेंबर १८६७ ला २० वाघिणींची पहिली गाडी शिकागोकडे सुटली. आदल्या रात्री इलिनॉयहून आलेल्या पाहुण्यांना तंबूत जेवण, दारू, भाषणं. त्या वर्षी साधारण ३५,००० जनावरं आली आणि सुमारे १,००० वाघिणी भरून गेल्या. नफा सगळ्यांनाच झाला नाही. एका खेपेला शिकागोत गिऱ्हाईक मिळेना म्हणून गुरं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीपर्यंत नेली आणि विकून रेल्वेचं भाडंही सुटलं नाही. तरी वाट रुळली.

याच शरद ऋतूत, ऑक्टोबर १८६७ मध्ये, त्याच राज्याच्या दक्षिणेला मेडिसिन लॉज इथे कायोवा, कोमँची, अरापाहो आणि शायान या मूळ रहिवासी लोकांबरोबर तह झाले आणि त्यांना इंडियन टेरिटरीतल्या (आजच्या ओक्लाहोमातल्या) राखीव जमिनींवर जायला सांगण्यात आलं. अ‍ॅबिलीनच्या गोष्टीत हे सहसा येत नाही. पण ‘रिकामं माळरान’ हे मॅकॉयचं सगळ्यात मोठं भांडवल होतं, आणि ते रिकामं करण्याचं काम अजून चालूच होतं. अ‍ॅबिलीनच्या आग्नेयेला काउन्सिल ग्रोव्हजवळ राहणाऱ्या कॉ लोकांना, ज्यांच्या नावावरून राज्याला कॅन्सस नाव पडलं, १८७३ मध्ये राज्याबाहेर हलवलं गेलं. गुरांचा धंदा अ‍ॅबिलीनमधून गेल्यावर एका वर्षात.

हंगाम

टेक्सासहून येणारी वाट चिझम ट्रेल म्हणून प्रसिद्ध झाली. जेसी चिझम हा चेरोकी आई आणि स्कॉटिश बापाचा व्यापारी. त्याच्या मालगाड्यांनी पाडलेली चाकोरी पुढे गुरांनी रुंद केली. तो १८६८ च्या वसंतात वारला. ज्या गुरांच्या लोंढ्याने त्याचं नाव जगभर नेलं तो लोंढा त्याने पाहिलाच नाही. विचिटाच्या बाजूने अ‍ॅबिलीनपर्यंतचा पुढचा टप्पा मातीचे ढीग रचून आखला गेला. दोन-अडीच हजारांचा कळप, दहा-बारा गुराखी, एक स्वयंपाक्याची गाडी, दिवसाला दहा-पंधरा मैल, महिना ३०–४० डॉलर पगार. गुराख्यांत गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले काळे तरुण होते, मेक्सिकन होते. चित्रांतल्या काउबॉयपेक्षा ही मंडळी बरीच वेगळी दिसायची.

१८६८ मध्ये साधारण ७५,००० गुरं कॅन्ससला आली, १८७० मध्ये ३,००,०००, १८७१ मध्ये ६,००,००० च्या घरात. हे सगळ्या कॅन्ससचे आकडे, पण १८७० पर्यंत मोठा वाटा अ‍ॅबिलीनचा. सगळी गुरं लगेच गाडीत चढत नसत. भाव बरा येईपर्यंत, अंगावर मांस चढेपर्यंत ती आठवडेच्या आठवडे गावाभोवतीच्या माळावर चरत. या प्रकरणाचा सगळा पेच त्या ‘आठवडेच्या आठवडे’मध्ये आहे.

गाव जत्रेसारखं चालायचं. जूनमध्ये भरायचं, ऑक्टोबरमध्ये ओसरायचं. गुत्तेवाले, जुगारी, वेश्या हंगामाबरोबर यायच्या आणि जायच्या. दुकानदार मात्र राहायचे, आणि त्यांची हिवाळ्यातली उधारी उन्हाळ्यात फिटायची. हे दोन प्रकारचे लोक एकाच रस्त्यावर धंदा करत होते, पण त्यांचा काळाचा हिशेब वेगळा होता.

कुंपण कुणी घालायचं?

आता मूळ भांडण. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. शिवाय रेल्वे कंपनीला सरकारने रुळाच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंतचे एकाआड एक तुकडे दिले होते, आणि ते तिला विकायचे होते. म्हणजे ज्या रेल्वेला गुरांचं भाडं हवं होतं, तिलाच शेतकरी गिऱ्हाईकही हवं होतं. गुरं आज पैसे देतात, शेतकरी कायम देत राहतो. रेल्वेने दोन्ही डगरींवर पाय ठेवला.

शेतकरी आले. १८७० च्या जनगणनेत डिकिन्सन काउंटीत सुमारे ३,००० माणसं होती. त्यांनी मका लावला, आणि त्यांच्या बांधाला लागून हजारो लांब शिंगांची जनावरं. जुन्या वहिवाटीप्रमाणे गुरं मोकळी सुटायची आणि पीक वाचवायचं तर कुंपण शेतकऱ्याने घालायचं. पूर्वेकडे हे ठीक होतं. तिथे जंगल तोडूनच शेत होतं, लाकडाला तोटा नव्हता. कॅन्ससच्या माळावर झाड नदीकाठालाच. लाकूड रेल्वेने विकत आणून १६० एकरांना कुंपण घालायचं तर खर्च जमिनीपेक्षा जास्त. ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झुडपाची वई लावायचे लोक, पण ती गुरं अडवण्याइतकी दाट व्हायला तीन-चार वर्षं. काटेरी तार तर अजून यायची होती. जोसेफ ग्लिडनचं तारेचं पेटंट नोव्हेंबर १८७४ चं.

त्यात तापाची भीती. नवा शेतकरी येताना दोन-चार दुभत्या गाई घेऊन यायचा, आणि तेवढंच त्याचं भांडवल. १८६८ मध्ये टेक्सासची गुरं नदीमार्गे इलिनॉयमध्ये पोचली तेव्हा तिथली गुरं पटापट मेली आणि अख्ख्या बाजाराने टेक्सासचा माल नाकारला. मॅकॉयने त्यावर काढलेला तोडगा त्याच्या स्वभावाला शोभणारा होता: त्याने माळावर जिवंत गवे पकडवले, मजबूत केलेल्या वाघिणीत घातले आणि ही जाहिरात सेंट लुईस आणि शिकागोत फिरवली, सोबत दोरफेकीचे खेळ. लोकांनी गर्दी केली, बाजार हळूहळू सावरला. पुढे इलिनॉयने कायदा केला की उत्तरेत हिवाळा काढलेली गुरंच येऊ द्यायची. तशी प्रमाणपत्रं मिळवणं अवघड नव्हतं. शिक्का मारणारे होतेच.

मॅकॉय हा धूर्त माणूस होता, पण शेतकऱ्यांच्या बाबतीत त्याने एक गोष्ट नीट ओळखली होती: त्यांना विकत घेता येतं. कळपवाल्यांना मका, चारा, अंडी, लोणी, भाजी लागायची आणि ते चढ्या भावाने रोख पैसे द्यायचे. तुडवलेल्या पिकाची, मेलेल्या गाईची भरपाई व्यापाऱ्यांकडून वर्गणीने देण्याची सोयही सुरुवातीला झाली. १८६७–६८ मध्ये शेतकरी मूठभर होते तेव्हा हे जमलं. भरपाईची रक्कम कळपवाल्याला पुसटशीही जाणवत नव्हती.

मग शेतकरी वाढले, आणि या व्यवहाराचं गणितच उलटलं. दर वर्षी भरपाई मागणारे वाढत गेले आणि ज्याला अंडी-लोणी विकून फायदा होतो त्यापेक्षा ज्याचं पीक जातं तो शेतकरी बहुसंख्य झाला. रेल्वेच्या जवळच्या शेतकऱ्याला बाजार मिळायचा. दहा मैल लांबच्याला फक्त खूर. माझ्या मते अ‍ॅबिलीनचा निकाल इथेच लागला. गुरांच्या धंद्याचा नफा चार-दोन घरांत आणि नुकसान शेकडो बांधांवर, आणि त्या शेकडो बांधांना मतं होती.

मार्शल

हा भाग लोकांना पाठ असतो, म्हणून थोडक्यात. गावाला १८६९ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. १८७० मध्ये दगडी तुरुंग बांधायला घेतला. त्यातला पहिला कैदी एका टेक्सास कळपाचा काळा स्वयंपाकी, आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला सोडवून नेलं. त्याच वर्षी जूनमध्ये टॉम स्मिथ हा मार्शल, म्हणजे गावाचा पोलीस प्रमुख, नेमला. गावात बंदुका बाळगायला बंदी, आणि ती बंदी स्मिथने बहुतेक वेळा नुसत्या मुठीने अमलात आणली. २ नोव्हेंबर १८७० ला तो मारला गेला. मारणारे काउबॉय नव्हते, काउंटीतलेच वसाहतकरी होते. त्यांना पकडायला गेला असताना गोळी आणि मग कुऱ्हाड.

एप्रिल १८७१ मध्ये मॅकॉय महापौर झाला आणि त्याने महिना १५० डॉलरवर जेम्स हिकॉकला, म्हणजे वाइल्ड बिलला, आणलं. ५ ऑक्टोबरला हिकॉकने जुगारी फिल को याला गोळी घातली आणि त्याच गोंधळात धावत आलेला आपलाच साथीदार माइक विल्यम्स यालाही. डिसेंबरमध्ये नगरपरिषदेने त्याला काढलं. हंगाम संपला होता, १५० डॉलर कशाला?

कॅन्ससच्या पाच मोठ्या गुरंगावांत १८७० ते १८८५ या काळात मिळून ४५ खून नोंदले गेले. कमी म्हणवत नाही, पण दंतकथेच्या मानाने किरकोळ. बंदूकबंदीचे नियम, दंड, परवाने हे सगळं त्या गावांनी फार लवकर केलं होतं. त्यातून पैसेही येत. गुत्त्यांचे परवाने, जुगाऱ्यांचे आणि वेश्यांचे दंड ही नगरपालिकेची कमाईची बाब होती. ज्याला पाप म्हणायचं त्यावर कर लावून गाव चाललं होतं.

पत्रकामागचा माणूस

पत्रक लिहिलं थिओडोर हेन्रीने. टी. सी. हेन्री हा न्यूयॉर्क राज्यातून, मधे अलाबामात कापूस करण्याचा प्रयत्न फसल्यावर, इथे आलेला जमिनीचा दलाल. रेल्वेच्या आणि इतरांच्या जमिनी विकणं हा त्याचा व्यवसाय. नगराच्या पहिल्या कारभारात तोच पुढे होता. १८७० पासून त्याने नदीकाठच्या जमिनीवर शरदात पेरायच्या गव्हाचा प्रयोग चालवला होता.

हेन्रीचा हिशेब मॅकॉयच्या हिशेबाच्या नेमका विरुद्ध. मॅकॉयला मोकळं माळरान हवं; हेन्रीचं पोट ते माळरान तुकडे करून विकण्यावर. गुरं चरत असताना आजूबाजूची जमीन विकली जात नाही, पूर्वेकडचं कुटुंबवत्सल गिऱ्हाईक गुत्ते बघून पुढच्या स्टेशनावर उतरतं. शेतकऱ्यांचा संताप खरा होता, त्यांची संरक्षण संघटना खरी होती, गावातल्या वर्तमानपत्राचा नैतिक आवेशही कदाचित खरा असेल. पण त्या संतापाला पत्रकाचं रूप देणारा माणूस जमीन विकणारा होता. काउंटीतल्या पाचपैकी चार जणांनी सह्या केल्या असं तो पुढे सांगायचा. तिथे सह्या न करणारे कोण असतील हे ओळखायला फार बुद्धी नको.

‘सभ्यतेचा विजय’ अशी जी गोष्ट नंतर सांगितली गेली ती मला म्हणूनच पचत नाही. एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला जागा सोडायला लावली, आणि दुसऱ्याकडे मतदार जास्त होते.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. सांता फे रेल्वे जुलै १८७१ मध्ये न्यूटनला पोचली होती. न्यूटन अ‍ॅबिलीनच्या दक्षिणेला, म्हणजे टेक्सासहून येणाऱ्याचे पाच-सहा दिवस वाचत. १८७२ च्या मेमध्ये विचिटापर्यंत फाटा आला. म्हणजे अ‍ॅबिलीनने ‘येऊ नका’ म्हटलं नसतं तरी पुढच्या एक-दोन हंगामांत कळप आपोआप कमीच झाले असते. मॅकॉयचं रेल्वेशी आधीच फाटलं होतं. ठरलेला वाटा द्यायला कंपनीने नकार दिल्यावर तो कोर्टात गेला. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर गुरांच्या वाड्यांवरची त्याची मालकी गेलेली. हेन्रीच्या पत्रकाने जे दार लावलं ते निम्मं आधीच वाऱ्याने ओढत आणलं होतं. पत्रक लिहिणाऱ्याला याची कल्पना नसेल असं वाटत नाही.

नंतर

कळपवाल्यांनी विनंती मान्य केली. १८७२ च्या उन्हाळ्यात गाव ओस. दुकानं एल्सवर्थ, न्यूटन, विचिटाकडे गेली. ड्रोव्हर्स कॉटेजचा मोठा भाग सुटा करून एल्सवर्थला नेऊन पुन्हा उभा केला गेला. मॅकॉयने दोन वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात या काळाचं वर्णन करताना मुख्य रस्त्यावर सूर्यफुलं माजल्याचं आणि गावकरी स्वतःचा नाश बघत बसल्याचं लिहिलं आहे. तो आकसाने लिहीत होता हे उघड आहे, पण पहिल्या वर्षापुरतं त्यात तथ्य असावं. सही केलेल्या सगळ्यांना पुढे काय येणार याची खात्री होती असं मानायला जागा नाही.

त्याच १८७२ मध्ये कॅन्ससने काउंट्यांना अधिकार दिला की गुरं आवरायची जबाबदारी मालकावर टाकायची. कुंपणाचा खर्च एका फटक्यात शेतकऱ्याच्या डोक्यावरून गुरंवाल्याच्या डोक्यावर गेला. माझ्या लेखी अ‍ॅबिलीनच्या पत्रकापेक्षा ही तरतूद शंभर पटींनी महत्त्वाची. तिच्यावर कुणी गाणी रचली नाहीत इतकंच.

मग १८७४ चा उन्हाळा. रॉकी पर्वताकडून टोळधाड आली आणि कॅन्ससचा उभा मका फस्त झाला. शरदात पेरलेला गहू मात्र जुलैच्या सुरुवातीलाच कापून घरात आलेला. हेन्रीची पैज एका वर्षात सगळ्यांना दिसली. त्याच वर्षी रशियाच्या दक्षिण भागातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी मध्य कॅन्ससमध्ये येऊ लागले आणि त्यांच्यासोबत ‘टर्की रेड’ नावाचा कणखर गहू आला. दशकाच्या मध्यापर्यंत हेन्री हजारो एकरांवर गहू करत होता आणि वर्तमानपत्रं त्याला गव्हाचा राजा म्हणू लागली होती. रेल्वेने त्याची शेतं प्रवाशांना दाखवून जमिनी विकल्या. १८८० च्या जनगणनेत काउंटीत १५,००० हून जास्त माणसं होती. पेनसिल्व्हेनियाहून १८७८–७९ च्या सुमारास आलेल्या रिव्हर ब्रेदरन पंथाच्या शेतकऱ्यांत जेकब आयझेनहॉवर होता. त्याचा नातू ड्वाइट याच गावात वाढला आणि पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

हेन्री स्वतः काही फार दिवस शेतकरी राहिला नाही. १८८० च्या दशकात कोलोरॅडोत जाऊन तो कालव्यांच्या धंद्यात पडला, म्हणजे पुन्हा जमीनच, फक्त आता पाण्यासकट.

आणि अ‍ॅबिलीनचा प्रश्न सुटला तो अ‍ॅबिलीनपुरता. गुरं पन्नास-शंभर मैल सरकली आणि तोच खेळ पुन्हा मांडला गेला. एल्सवर्थ दोन-तीन वर्षं. विचिटा १८७६ पर्यंत. तिथे तर गाव वाढवायला मॅकॉयलाच बोलावलं होतं. मग डॉज सिटी. प्रत्येक ठिकाणी आधी व्यापारी गुरांना आमंत्रण देतात, मग शेतकरी येतात, मग विधिमंडळ तापाच्या भीतीने आखलेली टेक्सासच्या गुरांवरच्या बंदीची रेषा आणखी पश्चिमेला ढकलतं. १८८५ मध्ये कॅन्ससने अख्खं राज्यच टेक्सासच्या गुरांना बंद केलं.

गोचीड अजून कुणी पकडली नव्हती. फेडरल सरकारने गुरांना औषधी पाण्यात बुचकळून काढण्याची मोहीम १९०६ मध्ये सुरू केली आणि ती तडीस जायला १९४३ उजाडलं. मेक्सिकोच्या हद्दीवर, टेक्सासमध्ये रिओ ग्रांदे नदीच्या काठाने, तो अलग पट्टा आजही आहे आणि घोड्यावरचे सरकारी निरीक्षक तिथे भटकी जनावरं शोधत फिरतात.